डॅनिश रंग आणि आकडे : अडीचकी येणाऱ्यांसाठी एक पाठ



या वेळचा पाठ जरा लांबच्या गावचा आहे. डेन्मार्कचा. "आमच्या शाळेत डॅनिश कोण शिकणार?" असा प्रश्न तुमच्या मनात येईल. माझ्याही मनात तोच आला होता. पण एका फोनमुळे मी या भाषेच्या नादी लागले. शेवटी जे हाती आलं ते डॅनिशबद्दल जितकं होतं, तितकंच आपल्या मराठी अंकांबद्दलही होतं. म्हणून हा लेख.

झालं असं, की माझी एक जुनी विद्यार्थिनी नवऱ्याच्या नोकरीमुळे डेन्मार्कमधल्या ऑरहूस शहरात राहायला गेली. तिचा मुलगा आठ वर्षांचा, तिथल्या दुसरीत. तिकडे शाळा शून्याव्या इयत्तेपासून सुरू होते बरं का! मुलं सहाव्या वर्षी 'शून्यावी'त बसतात आणि मग पहिलीत जातात. तर ती फोनवर म्हणाली, "बाई, याचं गणित चांगलं होतं हो. आता शिक्षिका पासष्ट म्हणाल्या की हा छप्पन्न लिहितो. मला वाटतं डोक्यात तीन भाषांचा गोंधळ होतोय. घरी मराठी आकडे बंद करू का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. "आठ दिवस दे मला," म्हटलं. त्या आठ दिवसांत तिने आणि त्या पोराने मला आवाज रेकॉर्ड करून पाठवले आणि मी वहीत टिपत गेले. ती वही आता तुमच्यासमोर उघडते.

आधी कानाची तयारी

डॅनिश लिहिली जाते एक आणि बोलली जाते दुसरीच. तिच्या वर्णमालेत २९ अक्षरं आहेत. इंग्रजीची २६ आणि शेवटी तीन जास्तीचे स्वर. देवनागरीत डॅनिश उच्चार तंतोतंत उतरत नाहीत, म्हणून खाली दिलेले उच्चार 'जवळपास' समजा. तीन गोष्टी मुलांना आधी सांगाव्यात.

१. मऊ 'द'. शब्दाच्या शेवटी येणारा 'द' जीभ दातांना नीट न टेकवता म्हणतात. ऐकणाऱ्याला तो कधी 'ध' वाटतो, तर कधी चक्क 'ल'. मी तो 'ध' असा लिहिला आहे.

२. गोल ओठांचा 'ई'. तोंडात जीभ 'ई'ची ठेवायची आणि ओठ मात्र 'ऊ'सारखे करायचे. मी तो 'यू' असा लिहिला आहे. मुलांना हा आवाज काढायला फार मजा येते.

३. गिळलेली अक्षरं. बाराला 'टॉल' म्हणतात, पण लिहिताना त्याच्या शेवटी 'व' असतो. पांढऱ्याला 'वीध' म्हणतात, पण लिहिताना आधी 'ह' असतो. म्हणून वाचून शिकू नये, ऐकून शिकावं.

रंग

लाल : रॉध
निळा : ब्लॉ
पिवळा : गूल
हिरवा : ग्रॉन
काळा : सोअट
पांढरा : वीध
तपकिरी : ब्रून
करडा : ग्रॉ
नारिंगी : ओरांश
जांभळा : लिला
गुलाबी : ल्यूसरॉध

शेवटचा शब्द बघा. 'ल्यूस' म्हणजे उजळ, 'रॉध' म्हणजे लाल. उजळ लाल म्हणजे गुलाबी. याच पद्धतीने 'ल्यूसब्लॉ' म्हणजे आकाशी. आणि 'म्योर्क' म्हणजे गडद, म्हणून 'म्योर्कब्लॉ' म्हणजे गडद निळा. दोन शब्द जास्तीचे शिकले की रंगांची पेटी मोठी होते. आपण फिका आणि गर्द लावतो तसंच हे.

सुरुवात लाल-पांढऱ्यापासून करावी, कारण डेन्मार्कचा झेंडा त्याच रंगांचा आहे. लाल कापडावर पांढरा क्रूस. त्याला 'डॅनब्रो' म्हणतात. १२१९ साली एस्टोनियातल्या लढाईत हा झेंडा आकाशातून खाली आला, अशी त्यांची दंतकथा आहे. तिकडे मुलांच्या वाढदिवसाला केकवरसुद्धा हे छोटे झेंडे खोचतात. मुलांना विचारावं, "रॉध कुठे? वीध कुठे?"

रंगाचं रूप बदलतं, आपल्यासारखंच

इंग्रजी शिकताना मुलांना एक सोय असते. गाडी असो की घर, 'रेड' हे 'रेड'च राहतं. डॅनिशमध्ये तसं नाही. तिथे नामाची दोन लिंगं आहेत. एका गटातल्या नामांना 'एन' लागतं, दुसऱ्या गटातल्या नामांना 'एट'. हा दुसरा गट म्हणजे नपुंसकलिंग. त्यानुसार रंगाचं रूप बदलतं :

एन रॉध बील : एक लाल गाडी
एट रॉट हूस : एक लाल घर
टो रॉधे बीलर : दोन लाल गाड्या

म्हणजे नपुंसकलिंगात रंगाला शेवटी 'ट' लागतो आणि अनेकवचनात 'ए'सारखा स्वर. इंग्रजी माध्यमातला मुलगा इथे अडखळेल. पण ज्याच्या घरी "पिवळा फुगा, पिवळी गाडी, पिवळं घर" असं रोज बोललं जातं, त्याला यात नवं काय? उलट आपल्याकडे तीन लिंगं, त्यांच्याकडे दोनच! त्याला फक्त एवढं सांगायचं की, "आपण पिवळंच्या डोक्यावर टिंब देतो, ते शेवटी ट लावतात."

आणखी गंमत म्हणजे त्यांचे काही रंग बदलतच नाहीत. 'लिला' आणि 'ओरांश' हे शब्द बाहेरून आलेले, ते सगळीकडे तसेच राहतात. आपल्याकडेही 'तांबडा, तांबडी, तांबडं' होतं, पण 'लाल' आणि 'गुलाबी' हलत नाहीत. वर्गात फळ्यावर दोन रकाने करून मराठीतले बदलणारे रंग एकीकडे आणि न बदलणारे दुसरीकडे लिहून घ्या. मराठी व्याकरणाचा तास आपोआप होतो. मी सहावीत हा प्रयोग केला, तेव्हा एका मुलीने 'राखाडी' कुठे टाकायचं यावर पाच मिनिटं वाद घातला. असा वाद झाला पाहिजे.

लक्षात ठेवायला एक छोटा आधार सांगते. घर, मूल, पान, सफरचंद, टेबल हे शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहेत आणि योगायोगाने डॅनिशमध्येही. पण याला नियम समजू नका. पुस्तक आणि फूल आपल्याकडे नपुंसकलिंगी, तिकडे मात्र 'एन' गटात. आधार म्हणजे कुबडी, पाय नव्हे.

आकडे : एक ते वीस

१ एन, २ टो, ३ ट्रे, ४ फीअ, ५ फेम, ६ सेग्स, ७ स्यू, ८ ऑड, ९ नी, १० टी.

११ एल्व, १२ टॉल, १३ ट्राडन, १४ फ्योडन, १५ फेमडन, १६ साइसडन, १७ स्योडन, १८ आडन, १९ नेडन, २० ट्यूव.

आणि शून्य म्हणजे 'नूल'.

सहाच्या आकड्यावर सातवी-आठवीच्या वर्गात खसखस पिकते. पिकू द्यावी आणि पुढे जावं. आपला 'षट्' आणि त्यांचा 'सेग्स' एकाच घरातले आहेत, एवढं सांगितलं की विषय संपतो.

हे एकाच घरातलं प्रकरण जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे. 'त्रि' आणि 'ट्रे', 'अष्ट' आणि 'ऑड', 'नव' आणि 'नी' यांचं साम्य मुलांना लगेच दिसतं. 'पंच' आणि 'फेम' मात्र दिसत नाही. पण आपल्याकडे जिथे 'प' आहे तिथे त्यांच्याकडे 'फ' होतो. पिता म्हणजे 'फार', पाद म्हणजे 'फोध', पशू म्हणजे 'फे'. मग पंचचा 'फ' का होणार नाही? रंगांतही हे नातं आहे. त्यांचा 'रॉध' आणि आपलं 'रुधिर' एकाच मुळातले. 'वीध' आणि 'श्वेत' हेही नातलग.

युरोपातल्या भाषांमध्ये असे ध्वनिबदल नियमाने होतात, हे ज्यांनी सुरुवातीला नीट मांडलं त्यांत रास्मुस रास्क हा डॅनिश अभ्यासक होता. त्याचा निबंध १८१८ साली प्रसिद्ध झाला. पुढे हाच रास्क प्रवास करत १८२० साली मुंबईला आला आणि पारशी धर्मग्रंथांच्या अवेस्ता भाषेचा अभ्यास त्याने इथे केला. त्याने जमवलेली हस्तलिखितं कोपनहेगनच्या ग्रंथालयात आहेत.

आणखी एक धागा. बंगालमधलं सेरामपूर १८४५ पर्यंत डॅनिशांच्या ताब्यात होतं. (आपल्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर वेगळं!) तिथल्याच मिशनच्या छापखान्यातून विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी कोश १८१० मध्ये बाहेर पडला. म्हणजे त्यातलं व्याकरण तरी डॅनिश झेंड्याखाली छापलं गेलं. इतकं काही लांबचं गाव नाही हे!

वीसच्या पुढे : आधी एकक, मग दशक

आता मूळ प्रश्नाकडे. एकवीसला डॅनिशमध्ये 'एन-ऑ-ट्यूव' म्हणतात. 'ऑ' म्हणजे 'आणि'. एक आणि वीस. बावीस म्हणजे 'टो-ऑ-ट्यूव', दोन आणि वीस.

हे कुठे ऐकल्यासारखं वाटतं? एक-वीस. ते-वीस. पंच-वीस. मराठीतही आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर. लिहिताना मात्र दशक आधी येतं. कानाला पाच आधी ऐकू येतो आणि हाताने सहा आधी लिहायचा असतो. पासष्ट ऐकून ५६ लिहिण्याचं कारण हे आहे. त्या पोराच्या शिक्षिका 'फेम-ऑ-ट्रेस' म्हणाल्या, पाच आणि साठ. त्याने ऐकल्या क्रमाने लिहिलं. तो चुकला, पण त्याने लक्षपूर्वक ऐकलं होतं.

मग मी त्याच्या आईला विचारलं, "पुण्यात असताना तो आकडे कसे म्हणायचा?" ती म्हणाली, "इंग्रजीतच, बाई. शाळा इंग्रजी माध्यमाची ना." म्हणजे बघा! त्याच्या डोक्यात 'सिक्स्टी फाइव्ह' होतं, जिथे ऐकणं आणि लिहिणं एकाच क्रमाने चालतं. मराठी आकड्यांनी त्याचा गोंधळ केलाच नव्हता, कारण मराठी आकडे त्याला धड येतच नव्हते. पासष्ट म्हणजे पाच आणि साठ, हे त्याने घरी ऐकलं असतं तर डॅनिश क्रम त्याला परका वाटला नसता.

पन्नासच्या पुढे : इथे अडीचकी कामाला येते

डॅनिश दशकं अशी :

३० ट्राध्व
४० फर्र
५० हॅलट्रेस
६० ट्रेस
७० हॅलफ्येअर्स
८० फीअर्स
९० हॅलफेम्स
१०० हूनध

तीस आणि चाळीस हे तीन दहा, चार दहा असे साधे आहेत. पन्नासपासून मात्र गाडी रूळ बदलते. तिथून मोजणी विसांची होते. साठ म्हणजे तीन विसा, म्हणून 'ट्रे'पासून 'ट्रेस'. ऐंशी म्हणजे चार विसा, म्हणून 'फीअ'पासून 'फीअर्स'. आपल्याकडे खेड्यातली जुनी माणसं "दोन विसा, तीन विसा" असं मोजायची. बाजारात वीस नगांची कोडी असते. तोच हिशेब.

पण पन्नासमध्ये विसा किती? अडीच. सत्तरमध्ये? साडेतीन. नव्वदमध्ये? साडेचार. आता हे शब्दात कसं सांगायचं? डॅनिश माणूस अडीचला 'अर्धा तिसरा' म्हणतो. दोन पूर्ण झाले आणि तिसरा अर्धा झाला. म्हणून 'हॅलट्रेस' म्हणजे 'अर्धा तिसरा' गुणिले वीस, बरोबर पन्नास. 'हॅलफ्येअर्स' म्हणजे 'अर्धा चौथा' गुणिले वीस, सत्तर. 'हॅलफेम्स' म्हणजे 'अर्धा पाचवा' गुणिले वीस, नव्वद. 'हॅल' म्हणजे अर्धा.

हे वाचून पुष्कळ लोक कपाळाला हात लावतात. आपण लावायचं कारण नाही. आपला 'अडीच' हा शब्द कुठून आला? संस्कृत 'अर्धतृतीय' वरून, प्राकृतातून घासत घासत. अर्ध-तृतीय म्हणजे अर्धा तिसरा! 'दीड' आला 'द्व्यर्ध' वरून, म्हणजे ज्यात दुसरा अर्धा आहे तो. आणि साडेतीनसाठी जुना शब्द 'औट', तो आला 'अर्धचतुर्थ' वरून, अर्धा चौथा. संतवाङ्मयात देहाला औट हात म्हटलेलं तुम्ही ऐकलं असेल. पूर्वी मुलं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करायची. माझ्या आजोबांना औटकी पाठ होती. ती त्यांना डॅनिश सत्तर समजावून सांगायला उपयोगी पडली असती, हे त्यांना कुठे माहीत होतं!

म्हणून मराठी घरात हॅलट्रेस शिकवायला एक वाक्य पुरतं : "अडीच विसा."

हॅलट्रेस : अडीच विसा, ५०
ट्रेस : तीन विसा, ६०
हॅलफ्येअर्स : औट विसा, ७०
फीअर्स : चार विसा, ८०
हॅलफेम्स : साडेचार विसा, ९०

मग ५८ म्हणजे 'ऑड-ऑ-हॅलट्रेस', आठ आणि अडीच विसा. ९३ म्हणजे 'ट्रे-ऑ-हॅलफेम्स', तीन आणि साडेचार विसा.

एक मात्र सांगायला हवं. रोजच्या बोलण्यात डॅनिश माणूस हा गुणाकार करत नाही. आपण 'पन्नास' म्हणताना पाच गुणिले दहा करतो का? तसंच ते. 'वीस पट' सांगणारा शब्दाचा मागचा भाग रोजच्या वापरात गळून पडला आहे. तो पूर्ण रूपात दिसतो 'पन्नासावा' म्हणताना, तेव्हा 'हॅलट्रेसन्सट्यूवन' असं लांबलचक म्हणावं लागतं. त्यामुळे मुलांकडून शेवटी हे शब्द पाठच करून घ्यायचे. फोड सांगायची ती भीती जावी म्हणून.

घड्याळात तोच 'अर्धा'

हा 'अर्धा तिसरा' घड्याळातही भेटतो आणि तिथे नवख्या माणसाला हमखास फसवतो. डॅनिशमध्ये 'हॅल ट्रे' म्हणजे साडेतीन नव्हे, अडीच! तिसऱ्या तासाचा अर्धा झाला. माझी विद्यार्थिनी पहिल्या पालकसभेला साडेतीनला पोचली, तेव्हा वर्ग रिकामा होता. 'हॅल ट्रे' ऐकून तिने मनात इंग्रजी वाक्य केलं होतं. "बाई, मराठीत विचार केला असता तर वेळेवर गेले असते," असं तीच पुढे हसत म्हणाली. दीडसाठीही त्यांचा 'अर्धा दुसरा' असा शब्द आजही चालतो, 'हॅलॅनन'. दीड किलो, दीड तास, सगळीकडे.

हे सोपं करता येणार नाही का?

हा प्रश्न फक्त आपल्यालाच पडतो असं नाही. शेजारच्या नॉर्वेत पूर्वी 'एक आणि वीस' असंच मोजायचे. टेलिफोनवर नंबर सांगताना घोटाळे होतात म्हणून तिथे नवी पद्धत आणली गेली आणि १ जुलै १९५१ पासून 'वीस-एक' हा क्रम अधिकृत झाला. शाळा बदलल्या, तरी बरीच माणसं घरी जुन्याच क्रमाने बोलत राहिली. डेन्मार्कमध्येही ५० क्रोनरच्या नोटेवर एके काळी 'पाच दहा' अशा अर्थाचा सोपा शब्द छापलेला होता. लोक मात्र 'हॅलट्रेस'च म्हणत राहिले.

आणि आपल्याकडे? २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धत आली, तेव्हा किती गदारोळ झाला ते आठवत असेल. मंगला नारळीकर त्या वेळी गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो, हा त्यांचा मुद्दा होता. तेव्हा मीही स्टाफरूममध्ये तावातावाने "आमची भाषा बिघडवताहेत" म्हणणाऱ्यांत होते. आज मला दोन्ही बाजू दिसतात. 'पासष्ट' हा शब्द टिकावा असं मला अजूनही वाटतं. पण तो मुलांना जड का जातो, हे न समजून घेता तो टिकवायचा हट्ट धरणं बरोबर नाही.

वर्गात आणि घरी करून बघण्यासारखं

१. ठोकळ्यांचा खेळ. रंगीत प्लॅस्टिकचे ठोकळे घ्या. लेगो हे डेन्मार्कचंच, बिलुंड गावातल्या एका सुताराने १९३२ साली सुरू केलेलं. 'लाय गॉट', म्हणजे 'छान खेळा', या दोन शब्दांवरून ते नाव आलं. ठोकळे रंगानुसार वेगळे करायचे आणि मोजायचे : "ट्रे गूल, फेम ब्लॉ." रंग आणि आकडे एकदमच होतात. लेगो नसेल तर बाटल्यांची झाकणं चालतात, मी तीच वापरते.

२. 'पेन खाली' पद्धत. हे सगळ्यात महत्त्वाचं. आकडा सांगताना मुलांची पेनं खाली. पूर्ण आकडा ऐकायचा, मनात म्हणायचा, मग पेन उचलून आधी डावीकडचा अंक लिहायचा. आकडा अर्धा ऐकून लिहायला लागलं की ५६ होतो. ही पद्धत मराठी अंकलेखनालाही जशीच्या तशी लागू पडते.

३. सारखे वाटणारे आकडे जोडीने ऐकवा. 'फीअ' (४), 'फर्र' (४०), 'फीअर्स' (८०). तसंच 'ट्रे' (३), 'ट्राडन' (१३), 'ट्राध्व' (३०), 'ट्रेस' (६०). मुलांनी बोटाने पाटीवरचा बरोबर आकडा दाखवायचा. बोलायची घाई नको.

४. नाण्यांचा बाजार. डेन्मार्कच्या १, २ आणि ५ क्रोनरच्या नाण्यांना मध्ये भोक असतं, आपल्या जुन्या भोकाच्या पैशासारखं. पुठ्ठ्याची नाणी कापून दुकान मांडा. "व्हा फाव एर दे?" म्हणजे "हा कोणता रंग?" आणि शेवटी "टाक" म्हणायला विसरू नका. डॅनिशमध्ये 'टाक' म्हणजे धन्यवाद! वर्गात कुणी "टाक" म्हटलं, की दुसरा हमखास काहीतरी खाली टाकतो.

५. घरी दिवसाला एकच पान. रंग दोन दिवस, एक ते वीस चार दिवस, दशकं एक आठवडा. घाई केली की 'फर्र' आणि 'फीअर्स' कायमचे एकमेकांत अडकतात.

पालकांसाठी शेवटचं

आठ दिवसांनी मी त्या मुलीला फोन केला. म्हटलं, "मराठी आकडे बंद करू नकोस. सुरू कर." रात्री जेवताना ती त्याला एकवीस ते पन्नास विचारू लागली, एकवीस म्हणजे एक आणि वीस, बत्तीस म्हणजे दोन आणि तीस, अशी फोड करत. मग अडीच विसा आले. दोन महिन्यांनी त्या पोराचा आवाज आला, "आजी, औट विसा म्हणजे हॅलफ्येअर्स. माझ्या वर्गात हे कुणालाच माहीत नाही!" अजूनही तो कधी कधी उलटं लिहितो. पण आता लिहून झाल्यावर थांबतो आणि स्वतःच खोडतो.

त्याचा आवाज ऐकताना मला दुसराच मुलगा आठवत होता. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात एक मुलगा होता. त्रेपन्न सांगितलं की ३५ लिहायचा, एकोणसत्तर सांगितलं की ७९. मी त्याच्या प्रगतीपुस्तकात 'निष्काळजी' असा शेरा लिहिला. त्याच्या वडिलांनी तो वाचला आणि माझ्यासमोर त्याच्या पाठीत धपाटा घातला. मी काही बोलले नाही. तो ऐकत होता, नीट ऐकत होता. कानाकडून हाताकडे जाताना आकडा उलटतो आणि कधी एकोणमध्ये अडकतो, हे मला माहीत असायला हवं होतं, त्याला नव्हे.

एक परकी भाषा शिकून मला एवढं कळलं. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणी पासष्टला छप्पन्न लिहीत असेल, तर शेरा लिहिण्याआधी त्याला शेजारी बसवा, पेन खाली ठेवायला सांगा आणि आकडा पुन्हा एकदा सावकाश म्हणा.